अठरा नंबरची लाइन : रोजनिशीतील पाने

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार. वरठी

दुपारी गिरणीतून फोन. काट्यावरचे काकाजी म्हणाले, "सर, आकडा अटकला जी. एक ट्राली उतरली, दुसरी चढली, तरी कंप्युटर तेच वजन दाखवून राह्यला."

धानाचे दिवस आहेत. साधारण धानाचा हमीभाव यंदा क्विंटलला २,३०० रुपये. ट्रॉलीमागे दहा किलो इकडचे तिकडे झाले तर ते कोणाच्या तरी घरचे दहा किलो असतात. म्हणून चप्पल घालून लगेच निघालो. इंडिकेटरवरचे लाल आकडे बरोबर हलत होते. वैधमापनचा शिक्का त्या डब्यावर आहे, संगणकावर नाही. काकाजींनी तेच आकडे वाचून हाताने पावत्या लिहायला सुरुवात केली होती. शहाणा माणूस. रांगेतल्या एकाचेही वजन चुकले नाही.

बिघाड म्हणजे डब्यापासून पावतीच्या प्रोग्रामपर्यंतच्या वाटेत कुठेतरी. मदरबोर्डावर एकच सिरियल पोर्ट आहे, तो जुन्या काट्याला दिलेला. नवा काटा दोन पोर्टांच्या पीसीआय कार्डावर आहे आणि अडकला तो हाच. केबल बदलून पाहिली, फरक नाही. मग लिनक्सच्या कर्नलचा लॉग उघडला. तिथे स्पष्ट लिहिले होते : आयआरक्यू १८, नोबडी केअर्ड. आणि त्याखाली, आयआरक्यू १८ बंद करत आहे. आयआरक्यू म्हणजे उपकरण ज्या तारेवरून प्रोसेसरला हाक मारते, तिचा नंबर.

संगणक परत सुरू केला, काटा चालू झाला. पण हा उपाय नव्हे. उद्या पुन्हा जातो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज भाचीलाही बरोबर नेले. ती डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ड्रायव्हर म्हणजे सीडीवरून टाकायचा प्रोग्राम, एवढीच तिची कल्पना होती. तिला म्हटले, आधी कर्नलने काय कोणाला दिले आहे ते बघू.

लिनक्समध्ये ते उघड लिहिलेले असते. 'प्रॉक' नावाच्या डिरेक्टरीत 'आयओपोर्ट्स', 'आयओमेम' आणि 'इंटरप्ट्स' अशा तीन फाइली आहेत. पहिलीत पोर्टांचे पत्ते, दुसरीत मेमरीचे पत्ते, तिसरीत कोणत्या आयआरक्यूवर कोण बसले आहे आणि आतापर्यंत किती वेळा हाक आली याची मोजणी. भाचीने साध्या लॉगिनवरून पहिली फाइल उघडली तर सगळे पत्ते शून्य. ती घाबरली. ते मुद्दाम लपवलेले असतात, खरे पत्ते रूटलाच दिसतात. सुडो लावल्यावर दिसले : ००२० वर इंटरप्ट कंट्रोलर, ००४० वर टायमर, ००६० वर कीबोर्ड आणि ०३एफ८ ते ०३एफएफ या आठ पत्त्यांवर 'सिरियल'. तोच आपला जुना काटा.

इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरांना असे ६५,५३६ पोर्ट आहेत. सिरियल पोर्टाची चिप त्यातले आठ घेते. एकाने बाइट येतो-जातो, दुसऱ्याने वेग ठरतो, तिसऱ्यावर चूक झाली का ते कळते. ड्रायव्हरने त्या आठ पत्त्यांना हात लावण्याआधी कर्नलला 'रिक्वेस्ट रीजन' म्हणून विचारायचे असते : अमुक पत्त्यापासून आठ मला हवेत, नाव हे. कर्नल आपल्या झाडात पाहतो. झाड म्हणजे खरोखर झाडच. प्रत्येक नोंदीला सुरुवात, शेवट, नाव, वरची नोंद आणि खालच्या नोंदी. पीसीआय बसचा पट्टा मोठा, त्याच्या पोटात कार्डाचा पट्टा, त्याच्या पोटात ड्रायव्हरचे नाव. मागितलेला पट्टा दुसऱ्या कोणाच्या पट्ट्यावर चढत असेल तर उत्तर येते, 'बिझी'. मोकळा असेल तर नोंद होते.

भाचीने विचारले, "आणि मामा, न विचारताच वापरला तर?"

तर काहीच होत नाही. म्हणजे कर्नल अडवत नाही. ड्रायव्हर कर्नलच्याच अधिकाराने चालतो, प्रोसेसरच्या लेखी दोघांत फरक नाही. न विचारता त्याने पोर्टावर लिहिले तर ते लिहिले जाईल. तिला हे पटेना. आपल्या प्रोग्रामने दुसऱ्याच्या मेमरीला हात लावला तर तो तिथल्या तिथे मारला जातो, मग ड्रायव्हरला मोकळीक का? हा प्रश्न तिने विचारला याचा मला फार आनंद झाला. उत्तर आज अर्धेच दिले. प्रोग्रामवर पहारा आहे, ड्रायव्हरवर विश्वास आहे. संगणकाच्या पोटातली ही सगळी वाटणी नोंदीवर आणि शिस्तीवर चालते, आणि ती नोंद प्रत्येकाने करायची म्हणूनच तिला किंमत आहे.

'इंटरप्ट्स' फाइलीत १८ समोर एकच नाव होते, सिरियल कार्डाचे. हे लिहून ठेवतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. गिरणी बंद. सकाळी शाळेत जाऊन आलो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

भाचीला इंटरप्ट समजावताना मागचा इतिहास सांगावाच लागला.

काट्याचा डबा सेकंदाला ९,६०० बिट पाठवतो, म्हणजे साधारण ९६० अक्षरे. चिपच्या पोटात १६ अक्षरे मावतात. प्रोसेसरने सतरा मिलिसेकंदांच्या आत ती उचलली नाहीत तर पुढची वाया जातात. प्रोसेसर काही तिच्याकडे टक लावून बसत नाही, म्हणून चिप एक तार वर करते : माझ्याकडे माल आहे. तो इंटरप्ट. आणि कोणती तार वर झाली की कोणते फंक्शन चालवायचे, ही वाटणी पुन्हा कर्नलकडे. ड्रायव्हर 'रिक्वेस्ट आयआरक्यू' म्हणतो, आपल्या फंक्शनचा पत्ता देतो आणि नोंद होते.

१९८१ च्या आयबीएम पीसीत अशा आठच तारा होत्या. १९८४ च्या एटीमध्ये दुसरी चिप जोडून सोळा केल्या. दुसरी चिप पहिलीच्या एका तारेवर टांगलेली, त्यामुळे कामाच्या पंधरा. टायमरला एक, कीबोर्डला एक, फ्लॉपीला एक, घड्याळाला एक, डिस्कला एक. उरल्या थोड्याच. कॉम १ आणि कॉम ३ दोघांना ४ नंबर, कॉम २ आणि कॉम ४ यांना ३ नंबर. माउस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर असला की इंटरनेट लागताच माउस गोठायचा. मी शिकत होतो तेव्हा साउंड कार्डावर इवल्या जंपरच्या टोप्या असत. पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ हे आकडे तेव्हाच्या पोरांना पाठ होते. वाटणी करणारा कर्नल नव्हता, वाटणी करायची ती दुकानातल्या माणसाने चिमट्याने.

पीसीआय आले १९९२ मध्ये आणि हे काम चिमट्याकडून सुटले. कार्ड स्वतः सांगते मला काय हवे. त्याच्यावर पत्त्यांची सहा रजिस्टरे असतात. कर्नल एकेकात सगळे एक लिहितो आणि परत वाचतो. खालचे जेवढे बिट शून्यच राहिले, त्यावरून कळते की कार्डाला केवढा पट्टा हवा. मग झाडात मोकळी जागा पाहून पत्ता लिहून टाकतो. बहुतेक वेळा हे काम आधी फर्मवेअरने केलेले असते. कर्नल ते तपासतो आणि आपटाआपटी दिसली तरच हलवतो. मला ही रीत फार सुंदर वाटते. विचारायचे, मोजायचे आणि मग द्यायचे.

आणि पीसीआयने दुसरी गोष्ट केली : एकच तार अनेकांना. प्रत्येक ड्रायव्हरने नोंद करताना 'सामाईक चालेल' म्हणायचे. तार वर झाली की कर्नल त्या तारेवरच्या सगळ्या ड्रायव्हरांना ओळीने विचारतो, तुझे काम आहे का? ज्याचे असेल त्याने आपल्या कार्डाला गप्प करायचे आणि 'हो, माझे' म्हणायचे. नसेल त्याने 'नाही' म्हणायचे. सगळेच नाही म्हणाले आणि तार वरच राहिली, तर प्रोसेसर त्याच हाकेत अडकून पडतो. म्हणून कर्नल मोजतो. एक लाख हाकांपैकी ९९,९०० हून जास्त हाका कोणीच आपल्या म्हटल्या नाहीत, तर तो ती तारच बंद करतो.

सोमवारी झाले ते हेच. काटा निर्दोष, कार्ड निर्दोष. त्याच तारेवर दुसरे कोणीतरी ओरडत होते.

२४ नोव्हेंबर, रविवार

सापडले.

काकाजींच्या एका वाक्याने सापडले. ते म्हणाले, "सर, हे दुपारीच काहून होते जी? सकाळी कधीच नाही." दुपारी ते जेवायला जातात. तेवढ्या वेळात संगणक झोपतो. परत येऊन की दाबली की जागा होतो आणि काही क्षणांत अठरा नंबर बंद. शुक्रवारच्या आणि शनिवारच्या लॉगमधल्या वेळा पाहिल्या, दोन्हीही जाग आल्यानंतरच्या.

कर्नलच्या आयआरक्यूच्या डिरेक्टरीत १८ खाली 'स्प्युरियस' नावाची फाइल असते. किती हाका आल्या, किती बेवारस गेल्या, ते तिच्यात असते. आज संगणक मुद्दाम झोपवून उठवला. बेवारस हाकांचा आकडा एकदम फुगला. मग पीसीआय उपकरणांची सविस्तर यादी काढली. १८ नंबरवर दोन उपकरणे होती : आपले सिरियल कार्ड आणि मदरबोर्डावरचा फायरवायर कंट्रोलर. गिरणीत फायरवायर कोण वापरणार? पूर्वी कोणीतरी त्याचा ड्रायव्हर बंदच्या यादीत टाकलेला. झोपेतून उठताना फर्मवेअर त्या कंट्रोलरला जागे करते, तो तार वर करतो, आणि त्याला गप्प करणारा ड्रायव्हर जागेवर नाही. सिरियल ड्रायव्हर खरे तेच सांगतो, 'माझे नाही'. कर्नल एक लाखापर्यंत मोजतो आणि तार कापतो. काटा आंधळा.

उपाय तीन होते. कर्नलला 'आयआरक्यूपोल' पर्याय देऊन सुरू करणे, म्हणजे बेवारस हाक आली की त्याने सगळ्याच तारांवरच्या ड्रायव्हरांना विचारत फिरायचे. चालले असते, पण यंत्रावर उगाच भार. दुसरा, फायरवायरचा ड्रायव्हर परत आणणे, म्हणजे निदान त्याला वाली मिळेल. तिसरा, बायोसमध्ये तो कंट्रोलरच बंद करणे. तिसरा केला. त्यानंतर संगणक अनेकदा झोपवला, उठवला. बेवारस हाक नाही.

वापरात नाही म्हणून ड्रायव्हर काढून टाकणे, हे खूप जण स्वच्छतेच्या भावनेने करतात. मी त्याच्या विरुद्ध आहे. यंत्रात उपकरण जिवंत असेल तर त्याला कोणीतरी उत्तर देणारा हवाच. उपकरण बंद करा, नाहीतर ड्रायव्हर ठेवा.

काकाजींनी चहा पाजला. वर "दुपारचं जेवन आता निवांत" असेही म्हणाले.

२७ नोव्हेंबर, बुधवार

भाची सिरियल ड्रायव्हरचा कोड वाचत बसली आहे. लिनक्सचा हा मोठा उपकार आहे की वरठीतली मुलगी रात्री जेवणानंतर तो कोड उघडू शकते.

तिला क्रम लिहून दिला. ड्रायव्हरला कार्ड दिसले की आधी कार्ड चालू करायचे, मग त्याचे पट्टे आपल्या नावे करून घ्यायचे, मग मेमरीचा पट्टा कर्नलच्या पत्त्यांत जोडून घ्यायचा, मग इंटरप्ट. आणि सोडताना नेमके उलटे. इंटरप्ट आधी सोडायचा, कारण पट्टा सोडल्यावर हाक आली तर ड्रायव्हर आपला नसलेला पत्ता वाचायला जाईल. मधल्या एखाद्या पायरीवर नकार आला, तर तिथपर्यंत घेतलेले सगळे त्याच उलट क्रमाने परत. जुन्या ड्रायव्हरांत यासाठी खाली उतरणाऱ्या लेबलांची रांग असे, आणि सगळ्यात जास्त चुका याच रांगेत होत. नकाराची वाट रोज कोणी चालत नाही, त्यामुळे तिथला खड्डा वर्षानुवर्षे दिसत नाही.

२००७ मध्ये तेजुन हिओ यांनी यावर एक व्यवस्था आणली. ड्रायव्हर जे जे मागेल ते उपकरणाच्या नावे कर्नलच लिहून ठेवतो, आणि उपकरण गेले किंवा सुरुवातच फसली तर उलट क्रमाने स्वतः सोडवतो. आज नवे ड्रायव्हर सर्रास तसेच लिहितात.

पूर्वी 'चेक रीजन' नावाचेही एक फंक्शन होते. आधी विचार, पट्टा मोकळा आहे का, मग माग. वरवर सभ्य वाटते. पण विचारणे आणि मागणे यांच्या मधल्या फटीत दुसरा ड्रायव्हर तोच पट्टा घेऊन जाऊ शकतो. म्हणून ते काढून टाकले. आता थेट मागायचे. मिळाले तर मिळाले, नाहीतर 'बिझी'. भाची म्हणाली, हे तर एसटीच्या सीटवर रुमाल टाकण्याआधी विचारत बसण्यासारखे झाले. तिला ते पक्के कळले आहे.

१ डिसेंबर, रविवार

स्टेशनवर आबाजींना सोडायला गेलो होतो. गाव वरठी, पाटीवर भंडारा रोड. आबाजी रेल्वेतून निवृत्त, शेजारीच राहतात. गाडीला उशीर होता. भाचीने त्यांना ते सिंगल लाइनवर काम करत तेव्हाचे विचारले. ते म्हणाले, पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. काही ठिकाणी ही परवानगी कागदावर लिहून ड्रायव्हरच्या हातात द्यायची. काही ठिकाणी यंत्र होते, त्यातून लोखंडी गोळा निघायचा. एक गोळा बाहेर असेतो दोन्ही स्टेशनांची यंत्रे कुलूपबंद, दुसरा निघतच नाही.

"कागदातबी नियम तोच होता," आबाजी म्हणाले, "पन गोळ्यात लोखंडानं पायला होता."

भाचीच्या मंगळवारच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर मला त्या बाकावरच मिळाले. पोर्टांची आणि पट्ट्यांची नोंद ही कागदी परवानगी आहे. नियम पक्का, पण पाळणारा ड्रायव्हर. गोळ्यासारखी लोखंडी अडवणूक नंतर आली, आणि ती आली डीएमएच्या बाजूने. डीएमए म्हणजे कार्डाने प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरीत लिहायचे. चुकीचा पत्ता दिला गेला तर कार्ड कर्नलच्याच डेटावर लिहील आणि कोणाला कळणारही नाही. म्हणून आयओएमएमयू. प्रत्येक उपकरणाला पत्त्यांचा वेगळा तक्ता, ड्रायव्हरने जी पाने त्या उपकरणासाठी जोडली तेवढीच त्याला दिसतात. बाहेर लिहायला गेले तर हार्डवेअर अडवते आणि लॉगमध्ये नोंद येते. गिरणीतल्या जुन्या यंत्रात ती सोय नाही.

बाहेरच्या प्रोग्रामसाठीही आता बंदोबस्त कडक आहे. पूर्वी रूट असला की मेमरीची फाइल उघडून कार्डाच्या पट्ट्यावर थेट लिहिता येई. कर्नल कडक पर्यायाने बांधला असेल तर ड्रायव्हरने नावे केलेला पट्टा तिथून उघडत नाही. झाडातली तीच जुनी नोंद, पण इथे ती कुलूप झाली.

हे सगळीकडे व्हावे असे मला वाटते. विश्वासावर चालणारी यंत्रणा सुंदर असते, पण आता ड्रायव्हर हजारो आहेत आणि लिहिणारे एकमेकांना ओळखत नाहीत.

५ डिसेंबर, गुरुवार

भाची आज डीएमएवर अडून बसली : काट्याला तर इंटरप्ट पुरतो, मग हवे कशाला? तिला खोडदला नेले, म्हणजे कागदावर. नारायणगावजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी संकेत जोडण्याचे काम साध्या बाजारी संगणकांच्या लिनक्स समूहावर आणले. जयंत रॉय आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा शोधनिबंध २०१० चा. एका अँटेनाचे दोन ध्रुवणाचे संकेत, म्हणजे साठ संकेत. पट्टा सुमारे ३२ मेगाहर्ट्झ, म्हणजे प्रत्येक संकेताचे सेकंदाला किमान ६ कोटी ४० लाख नमुने. नमुन्याला एक इंटरप्ट दिला तर प्रोसेसर हाकेला ओ देण्यातच संपेल.

अशा कार्डासाठी ड्रायव्हर सुरुवातीलाच मेमरीचा सलग तुकडा मागून घेतो, आणि हे 'सलग'च कठीण असते. संगणक काही तास चालला की मोकळी मेमरी भरपूर असते, पण तुकड्यातुकड्यांत. म्हणून मोठे तुकडे बूट होतानाच राखून ठेवायची पद्धत आहे. मग कार्ड एक भाग भरत असते तेव्हा प्रोसेसर आधी भरलेला भाग वाचतो, आणि इंटरप्ट येतो तो फक्त भाग भरल्यावर. जुन्या आयएसए कार्डांना तर पहिल्या १६ एमबीतलीच मेमरी लागायची. पत्त्याच्या ताराच तेवढ्या. लिनक्समध्ये त्या पहिल्या १६ एमबीचा विभाग अजून वेगळा राखलेला सापडतो.

साठ संकेतांचा आकडा भाचीने वहीत दोनदा अधोरेखित केला.

८ डिसेंबर, रविवार

नवे काम. ट्रॉलीवाल्याला खिडकीशी न येता वजन दिसावे म्हणून अंगणात मोठा फलक लावायचा आहे. शेतकऱ्याला आपले वजन आपल्या डोळ्यांनी दिसलेच पाहिजे, हे मी गिरणीमालकांना कधीपासून सांगत होतो. भाचीने रास्पबेरी पाय ३ आणला, इंडिकेटरची दुसरी तार पातळी बदलणाऱ्या चिपमधून १४ आणि १५ नंबरच्या पिनांवर दिली. अक्षरे मधूनच बिघडत होती.

इथेही वाटणीच. त्या बोर्डावर चांगला सिरियल पोर्ट एकच, आणि तो ब्लूटूथला दिलेला. पिनांवर आलेला दुसरा, हलका. त्याचा वेग चिपच्या गाभ्याच्या घड्याळावर अवलंबून, आणि ते घड्याळ भारानुसार बदलते. इथे बायोस नाही, पीसीआय नाही. कोणते उपकरण कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पिनांवर, कोणत्या इंटरप्टवर हे सगळे डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलीत लिहून कर्नलच्या हाती द्यायचे असते. ब्लूटूथ बंद करणारा ओव्हरले लावला, चांगला पोर्ट पिनांवर आला. आकडे स्थिर झाले.

आता एकच राहिले. गिरणीच्या संगणकात कार्डाच्या दोन पोर्टांची नावे कायमची बांधायची, म्हणजे पुढे आणखी एखादे कार्ड घातले तरी नवा काटा नवाच राहील. तो नियम भाचीने लिहिला आहे, मी तपासला. फलक उद्या पहिली ट्रॉली यायच्या आत चढवायचा. काकाजींना शिडी काढून ठेवायला सांगितली आहे.